कडक झालेल्या केबलला रॉकेल पुसू नका: एक खुलासा

बेळगावात उद्यमबागेतल्या भट्टीजवळ असो की खानापूर-निपाणीकडे उसाच्या पंपावर, केबल कडक झाली की कुणीतरी हमखास सांगतं, ‘रॉकेल नाहीतर डिझेल पुसा, परत मऊ होते.’ होत नाही. उलट नुकसानच होतं.

केबलचं आवरण पीव्हीसी या प्लास्टिकचं असतं. पीव्हीसी मुळात कडक असतं. त्याला लवचीक करतो तो त्यात मिसळलेला तेलकट द्रव, प्लास्टिसायझर. तो पीव्हीसीला रासायनिकरीत्या जोडलेला नसतो. भाकरीच्या पिठातल्या पाण्यासारखा नुसता मुरलेला असतो. उष्णतेनं तो हळूहळू उडतो आणि रॉकेल-डिझेल तर त्याला विरघळवून बाहेर ओढतं. पुसल्यावर थोडा वेळ मऊ वाटेलही, कारण रॉकेल आत शिरतं. ते उडालं की केबल पहिल्यापेक्षा ठिसूळ होते, आणि तडकलेल्या आवरणाची केबल ओल्या शेतात जीव घेऊ शकते.

उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो. डीओपी या नेहमीच्या प्लास्टिसायझरचा रेणुभार, म्हणजे रेणूचं वजन, सुमारे ३९०, तर ट्रायऑक्टिल ट्रायमेलिटेट म्हणजे टीओटीएम या दुसऱ्या प्लास्टिसायझरचा सुमारे ५४७. जड रेणू सहजी उडत नाही. म्हणून १०५ अंश सेल्सिअसपर्यंत चालणाऱ्या केबलींत टीओटीएम घालतात. मोटारींच्या डॅशबोर्डमध्ये आणि डायलिसिसच्या नळ्यांतही तो असतो. नळीतून रक्तात तो कमी उतरतो, हा त्याचा मोठा गुण. महाग मात्र आहे, आणि तेवढ्याच मऊपणासाठी जरा जास्त लागतो.

उन्हातल्या अतिनील किरणांपासून टीओटीएम वाचवत नाही. त्यासाठी आवरणात कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी काळी पूड, लागतो. भट्टीजवळ वापरायची केबल घेताना तिची तापमान-मर्यादा विचारून घ्या. कडक होऊन तडकलेली केबल मात्र वीज बंद करून बदलाच.