गाठ बसली, पण काढ्याने नाही

आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो, मागच्या आठवड्यात परत उगवला. सुजलेल्या मानेचा एक फोटो, मग काही महिन्यांनंतरचा साफ मानेचा फोटो, आणि खाली मजकूर की मुंबईच्या डॉक्टरांनी लिम्फोमा (गाठींचा कॅन्सर) सांगितला होता, केमो घेतलीच नाही, सातपुड्यातल्या एका महाराजांचा काढा घेतला आणि गाठी गायब. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. दोन-तीन पोरांनी लगेच 'फेक आहे भो' म्हणून टाकलं, वाद झाला, कोणीतरी ग्रुप सोडला, नेहमीचंच.

माझं म्हणणं जरा वेगळं आहे. फोटो खरा असू शकतो. निदानही खरं असू शकतं. आणि तरीही काढ्याचा त्यात काडीचा संबंध नसू शकतो.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सँड्रा हॉर्निंग आणि सॉल रोझेनबर्ग यांनी 1984 साली एक अभ्यास छापला. हळू वाढणाऱ्या लिम्फोमाचे 83 पेशंट, ज्यांना निदान झाल्यावर मुद्दाम काहीच औषध दिलं नव्हतं, फक्त लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या 19 जणांच्या, म्हणजे 23 टक्के लोकांच्या गाठी औषधाशिवाय आपोआप कमी झाल्या. जवळजवळ चारातला एक! आता ह्या 83 जणांना कोणी काढा पाजला असता तर त्या 19 जणांनी आयुष्यभर महाराजांचा फोटो देव्हाऱ्यात ठेवला असता, आणि उरलेल्या 64 जणांबद्दल फॉरवर्ड कोणी लिहिला नसता.

आता मुळात हा आजार काय ते थोडं. मान, काख, जांघ इथे लसीकेच्या गाठी सगळ्यांनाच असतात, पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ते ह्याच गाठींचं. त्या गाठींमधल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर म्हणजे लिम्फोमा. आपल्याकडे मानेला गाठ आली की पहिला संशय टीबीचा, आणि तो बरोबरच आहे कारण टीबीच जास्त सापडतो, फक्त नुसती सुई टाकून तपासलेल्या रिपोर्टवर अडकून राहू नये, गाठ तशीच राहिली तर ती अख्खी काढून बायोप्सीला पाठवावी लागते, कारण लिम्फोमाचा प्रकार ओळखायला पेशी कशा मांडलेल्या आहेत ते दिसावं लागतं आणि सुईतून फक्त सुट्या पेशी येतात.

लिम्फोमाचे प्रकार पुष्कळ, त्यातला हळू वाढणाऱ्यांमधला सगळ्यात मोठा म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा. आणि इथेच लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, की हळू वाढतो म्हणजे सोपा. उलट आहे. जोरात वाढणारा जो मोठ्या पेशींचा लिम्फोमा आहे तो चार-सहा महिन्यांच्या केमोने साधारण 60 टक्के लोकांमध्ये कायमचा बरा होतो. हळू वाढणारा शरीरभर पसरलेला असेल तर सहसा कायमचा जात नाही, औषधाने दबतो, काही वर्षांनी परत येतो, परत दबतो. पण माणूस त्याच्यासोबत वर्षानुवर्षं शेतीवाडी करत जगतो. असं का, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला बसलोय, बाकीचं ओघाने.

जळगावच्या बसस्टँडवर गर्दी वाढायची दोन कारणं असू शकतात. एक, बाहेरून येणाऱ्या गाड्या एकदम वाढल्या. दोन, येणाऱ्या गाड्या रोजच्याइतक्याच आहेत पण सुटणाऱ्या गाड्या बंद पडल्या. दुसऱ्या प्रकारात गर्दी सावकाश वाढते, पण वाढत राहते. फॉलिक्युलर लिम्फोमा हा दुसऱ्या प्रकारचा आहे. पेशी फार जोरात वाढतात असं नाही, मरायच्या तेव्हा मरत नाहीत.

फॉलिक्युलर लिम्फोमा होतो तो बी पेशींचा. पांढऱ्या पेशींचाच हा एक प्रकार, त्या जंतूला चिकटणाऱ्या अँटीबॉडी बनवतात. प्रत्येक बी पेशी बोनमॅरोमध्ये (हाडांतल्या मगजात) जन्माला येताना आपला अँटीबॉडीचा जीन स्वतःच कापून जोडून तयार करते, तो जीन 14 नंबरच्या क्रोमोसोमवर असतो. म्हणजे डीएनएची मुद्दाम केलेली तोडजोड, आपल्या शरीरात ही रोज चालू आहे. कधीतरी नेमक्या त्याच वेळी 18 नंबरचा क्रोमोसोमही तुटतो आणि जोडणारी यंत्रणा चुकीची टोकं जोडते. 18 नंबरवरचा बीसीएल-2 नावाचा जीन जाऊन अँटीबॉडीच्या जीनशेजारी बसतो. बी पेशीत अँटीबॉडीचा जीन कायम जोरात चालू असतो, मग शेजारी आलेला बीसीएल-2 सुद्धा कायम चालू. फॉलिक्युलर लिम्फोमाच्या साधारण 85 टक्के पेशंटमध्ये हा बदल सापडतो.

ह्याने काय होतं? बी पेशी पुढे लसीकेच्या गाठीत जाते, तिथे जर्मिनल सेंटर नावाची जागा असते. तिथे ह्या पेशी भराभर विभागतात आणि आपल्या अँटीबॉडीमध्ये मुद्दाम बदल करून पाहतात, ज्यांची अँटीबॉडी जंतूला नीट चिकटते त्या जगतात, बाकीच्या मरतात. ह्या जागेत निरोगी पेशी बीसीएल-2 बंद ठेवतात, म्हणजे मरण हाच तिथला नियम आणि जगणं हा अपवाद. पेशी मरते कशी तर तिच्या मायटोकाँड्रियाला, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागांना, बॅक्स आणि बॅक नावाची प्रथिनं भोकं पाडतात, आतून सायटोक्रोम-सी नावाचं प्रथिन बाहेर गळतं आणि पेशी आपलं आपणच आवरून घेते. बीसीएल-2 प्रथिन ही भोकं पडू देत नाही. मग नापास झालेली पेशीसुद्धा तिथेच बसून राहते.

हे 1988 साली मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये डेव्हिड वॉक्स यांनी दाखवलं आणि तो प्रयोग मला अजूनही फार आवडतो. त्यांनी पेशींमध्ये बीसीएल-2 घातला आणि मग त्या ज्या वाढीच्या रसायनावर जगत होत्या तेच काढून घेतलं. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-2 वाल्या पेशी जगल्या, पण वाढल्या मात्र नाहीत, नुसत्या पडून राहिल्या. तोपर्यंत सगळे समजत होते की कॅन्सरचे जीन म्हणजे पेशींना वाढवणारे जीन. न मरणं हासुद्धा कॅन्सरचा रस्ता आहे हे तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

आणि केमोची बहुतेक औषधं विभागणाऱ्या पेशींवर जास्त चालतात, शिवाय पेशीने स्वतःहून मरायला तयार असावं लागतं. इथे दोन्हीची बोंब. म्हणून हा आजार समूळ जात नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. हाच 14-18 चा बदल असलेल्या मोजक्या पेशी निम्म्याहून जास्त निरोगी प्रौढ माणसांच्या रक्तात बारीक टेस्ट केली तर सापडतात! तुमच्या-माझ्याही असतील. आणि त्यातल्या फार थोड्यांना आजार होतो. म्हणजे एकटा बीसीएल-2 पुरत नाही, पुढे केएमटी2डी, क्रेबबीपी अशा जीनमध्ये बिघाड साठत जावे लागतात, आणि शेजारपाजारही लागतो. 2004 साली अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या लुई स्टाउट यांच्या टीमने गाठींचे 191 नमुने तपासले आणि पाहिलं की पेशंट किती जगला ह्याचा अंदाज कशावरून लागतो. अंदाज लागला तो गाठीत मिसळलेल्या निरोगी पेशींवरून, टी पेशी ह्या रोगप्रतिकारक पेशींची छाप जास्त असेल तर एक भविष्य, मॅक्रोफेजसारख्या (कचरा गिळणाऱ्या) पेशींची छाप असेल तर दुसरं. आपोआप बसणाऱ्या गाठींकडे आता परत बघा, ज्या आजाराचं नशीब शेजारच्या रोगप्रतिकारक पेशींशी इतकं बांधलेलं आहे तो मधेच आवरता झाला तर त्यात चमत्कार तो काय.

आता घरच्यांचा प्रश्न. रिपोर्ट हातात आला की पेशंटला बाहेर बसवून मोठा मुलगा डॉक्टरांना हळूच विचारतो, 'आबा किती वर्षं काढतील?' ह्यासाठी डॉक्टरांकडे एक गुणपत्रक आहे, फ्लिपी म्हणतात त्याला, तेही 2004 चंच. चार हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदींवरून बनवलेलं. वय 60 च्या वर, स्टेज तिसरी किंवा चौथी, हिमोग्लोबिन 12 च्या खाली, चारपेक्षा जास्त भागात गाठी, आणि रक्तात एलडीएच (पेशी फुटल्या की रक्तात उतरणारं एक एन्झाइम) वाढलेलं, प्रत्येकाला एक गुण. शून्य-एक म्हणजे कमी धोका, दोन मध्यम, तीन आणि वर जास्त. दहा वर्षांनी हयात असलेले अनुक्रमे 71, 51 आणि 36 टक्के.

पुण्याचा भाचा गुगल करून नेमका हा 36 चा आकडा घरात सांगतो आणि रडारड होते. अरे पण ते पेशंट 1985 ते 1992 मधले आहेत! रिटक्सिमॅब हे बी पेशींना नेमकं गाठणारं औषध अमेरिकेत मंजूरच 1997 च्या नोव्हेंबरमध्ये झालं. त्यानंतर चित्र पार बदललं, पूर्वी निम्मे पेशंट साधारण दहा वर्षं पार करायचे, आता तो आकडा 15-20 वर्षांच्या घरात आहे. गुणपत्रक अजून लोकांची जास्त-कमी धोक्यात वाटणी बरी करतं, पण त्याच्यासोबतचे टक्के जुने झाले.

दुसरी गोष्ट, आणि हे माझं स्वतःचं मत आहे, हे गुणपत्रक मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या पेशंटवर बनलेलं आहे. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे तिकडे बहुधा आजार बोनमॅरोपर्यंत पोचला असा अर्थ निघतो. आपल्याकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना अॅनिमिया निघाला. शेतात राबणाऱ्या आमच्या बायकांचं हिमोग्लोबिन लिम्फोमा नसतानाही दहा असतं, मग फुकटचा एक गुण चढला ना. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडे तर सिकलसेल पुष्कळ. सिकलसेलच्या पेशंटमध्ये (नुसत्या वाहकात नाही) लाल पेशी फुटत राहतात, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी आणि एलडीएच जास्त, म्हणजे दोन गुण लिम्फोमाशी संबंध नसताना. इतकंच काय, शहाद्याला काढलेलं रक्त उन्हातून हेलकावे खात लॅबला जाईपर्यंत नळीत लाल पेशी फुटल्या तरी एलडीएच वाढलेलं येतं. म्हणून एलडीएच एकदाच जास्त आलं तर परत ताजं रक्त देऊन करून घ्यावं, आणि लोहाची कमतरता, सिकलसेल ह्या गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्यात.

पुढे 2015 मध्ये सात जीन धरून नवं गुणपत्रक आलं, एम7-फ्लिपी. मजा अशी की त्यातल्या ईझेडएच2 नावाच्या जीनमध्ये बिघाड असणं हे आर-चॉप पद्धतीची केमो (रिटक्सिमॅब आणि सोबत चार औषधं) घेतलेल्यांमध्ये चांगलं लक्षण ठरलं, पण बेंडामस्टिन नावाची दुसरी केमो घेतलेल्यांमध्ये तो फायदा दिसला नाही. म्हणजे भविष्य नुसतं गाठीत लिहिलेलं नसतं, औषध कोणतं घेतलं त्यावरही फिरतं. हे डोक्यावरून गेलं असेल तर सोडून द्या, जिल्ह्याच्या ठिकाणी ही टेस्ट तशीही कोणी लिहून देत नाही.

सगळ्यात ठसठशीत अंदाज मात्र फुकटात मिळतो, फक्त थांबावं लागतं. कार्ला कासुलो आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्येच आर-चॉप घेतलेल्या 588 पेशंटचं पाहिलं. 19 टक्के लोकांचा आजार दोन वर्षांच्या आत परत वाढला, त्यांच्यापैकी पुढची पाच वर्षं जगलेले 50 टक्के. बाकीच्यांमध्ये 90 टक्के. एवढा फरक! 2016 च्या दुसऱ्या एका अभ्यासात, उपचाराचं पहिलं वर्ष आजाराने डोकं वर न काढता गेलेल्या पेशंटचं आयुर्मान त्याच वयाच्या बाकी लोकांसारखंच निघालं. अडचण एवढीच की पहिल्या दिवशी हे कळत नाही, त्यामुळे मोठ्या मुलाला डॉक्टर 'दोन वर्षांनी सांगतो' म्हणाले तर ते टाळत नाहीयेत, खरंच तसं आहे.

आणि काही वेळा डॉक्टर औषधच देत नाहीत, 'तीन महिन्यांनी या' म्हणतात. गावात लगेच कुजबुज, की हात टेकले. ब्रिटनमध्ये 309 पेशंटवर चाचणी झाली होती, अर्ध्यांना लगेच क्लोरॅम्ब्युसिल ही केमोची गोळी, अर्ध्यांवर नुसतं लक्ष. 2003 मध्ये निकाल छापला, जगण्यात फरक शून्य. त्रास नसेल, गाठी लहान असतील, रक्त ठीक असेल तर थांबणं हाच उपचार. काढेवाले नेमके ह्याच काळात गाठतात हे लक्षात ठेवा, कारण ह्या काळात पेशंट तसाही बरा असतो.

ह्या थांबण्याच्या काळात एकच धास्ती खरी, की हळू वाढणारा आजार रूप बदलून जोरात वाढणारा होतो. दरवर्षी शंभरात दोन-तीन जणांचं असं होतं. दोन वर्षांच्या आत आजार उलटलेल्यांमध्येही हे बऱ्याच जणांत सापडतं. एकच गाठ बाकीच्यांपेक्षा भराभर वाढायला लागली, ताप, रात्री घाम, वजन उतरणं, एलडीएच एकदम उसळलं, की पेट स्कॅन करून जी गाठ सगळ्यात चमकते तिथली परत बायोप्सी लागते, जुन्या रिपोर्टवर नवीन केमो चालू करून भागत नाही. तेव्हा पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा बसवलेला) आणि स्लाइड लॅबमधून मागून घ्या, त्या तुमच्याच आहेत, मुंबईला टाटात किंवा नाशिकला गेलात की पहिल्यांदा तेच मागतात. फक्त मे महिन्यात तो ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून जेवायला उतरू नका, ते मेण (पॅराफिन) साठ अंशाच्या आसपास वितळतं आणि आपल्याकडे बंद गाडीत काचेखाली तेवढं तापायला वेळ लागत नाही.