धोरणासाठी वैज्ञानिक सल्ला (नाशिक)

सरकार, न्यायालय किंवा नियामक संस्था निर्णयाआधी जाणकारांकडून मोजमाप, अंदाज आणि शिफारस मागवते. तो धोरणासाठीचा वैज्ञानिक सल्ला. सल्ला देणाऱ्याचे हितसंबंध त्या निर्णयात गुंतलेले नसावेत, ही अपेक्षा. निर्णय मात्र मागवणाऱ्याचाच.

नाशिककर गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजतो : गुडघ्याला लागला, छातीला लागला. अभियंते त्याच पुराच्या रेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. रेषेच्या आत बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, हे पुढे महापालिका पाहते.

सर्वांत गाजलेले उदाहरण समन्यायी पाणीवाटपाचे. खोऱ्यातल्या सर्व धरणांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी साधारण सारखी असावी, असे २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायदा सांगतो. नाशिककडच्या गंगापूर, दारणा धरणांतून खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणासाठी केव्हा, किती सोडायचे, हा हिशेब मात्र त्यात नाही. तो दिंडोरी रस्त्यावरच्या 'मेरी'चे, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेचे, तत्कालीन महासंचालक मेंढेगिरी यांच्या अभ्यासगटाने २०१३ मध्ये मांडला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांनी ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे तूट वाटून घ्यायची. प्राधिकरणाने २०१४ च्या आदेशात हे सूत्र स्वीकारले, २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तो आदेश उचलून धरला.

ऑक्टोबरचा आग्रह धरायला कारण आहे. पावसाळा नुकता सरलेला असताना नदीचे पात्र ओले असते, पाणी कमी मुरते. उशीर झाला की वाटेतल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढून, काठच्या कृषिपंपांची वीज बंद ठेवूनही तूट वाढतेच. २०२३ मध्ये ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश ३० ऑक्टोबरला निघाला. प्रत्यक्ष विसर्ग सुरू व्हायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. मधले दिवस आंदोलने आणि कोर्टकचेरीत गेले. हिशेबात एवढ्या दिवसांची सोय नव्हती.

स्वतंत्रपणाचा प्रश्न उरतोच, आणि तो रास्त आहे. मेरी ही जलसंपदा खात्याचीच संस्था. धरणे बांधणारे, चालवणारे आणि सल्ला देणारे एकाच खात्याचे. सूत्राच्या फेरविचारासाठी नेमलेल्या दुसऱ्या अभ्यासगटाचे अध्यक्षपदही मेरीच्या महासंचालकांकडेच होते. त्याने ६५ ऐवजी ५८ टक्क्यांची शिफारस केली, आणि मराठवाड्यातून विरोध सुरू झाला.