बोर्डावर कंपाइल केलेलं गणित अडलं तर

हा कागद आमच्याकडून आर्म किंवा रिस्क-फाइव्ह जातीच्या प्रोसेसरचा छोटा बोर्ड, म्हणजे एकाच पाटीवरचा संगणक, नेलेल्या ग्राहकांसाठी आहे. कोळंबीच्या तळ्यावर, आंब्याच्या बागेत, जेटीवर पंख्याचा पीसी खारी हवा आत ओढतो आणि गंजतो. बिनपंख्याचा बोर्ड बंद डब्यात निवांत राहतो. मात्र त्याच्यासाठी तयार सॉफ्टवेअर दर वेळी मिळतंच असं नाही. म्हणून ओपनब्लास, नमपाय, ऑक्टेव्ह ही गणिताची सॉफ्टवेअर आम्ही मूळ कोडवरून कंपाइल करून, म्हणजे त्या प्रोसेसरला चालेल अशी बांधून देतो. पुढे अपडेट तुम्ही स्वतः करणार असाल तर जरूर करा, फक्त आधी हे वाचा. आज्ञा इंग्रजीत डब्याच्या झाकणावर चिकटवल्या आहेत, इथे नुसते उच्चार.

व्हॉट्सअ‍ॅपवर आम्हाला सगळ्यात जास्त फोटो येतो तो शेवटच्या ओळीचा: ‘मेक, एरर २’. त्यातून काहीच कळत नाही. मेक म्हणजे कंपाइल करून घेणारा प्रोग्रॅम. तो एकाच वेळी चार फायली कंपाइल करत असतो, त्यामुळे खरी चूक शंभर ओळी वर गेलेली असते. ‘जे १’ (एका वेळी एकच काम) देऊन पुन्हा चालवा, सगळं आउटपुट फाइलमध्ये घ्या आणि त्यातली पहिली चूक बघा. तिथे ‘किल्ड’ दिसलं तर बहुधा मेमरी संपली आहे. १ जीबीच्या बोर्डाला स्वॅप (मेमरी कमी पडली की वापरायची कार्डावरची जागा) वाढवून द्या आणि ‘जे १’च ठेवा. रात्रभर चालेल, चालू दे.

‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणजे लायब्ररी भलत्याच प्रोसेसरसाठी बांधली गेली. ओपनब्लास ज्या बोर्डावर बांधतो त्याचा प्रोसेसर ओळखून त्याच्याच मापाचा कोड काढतो. रास्पबेरी पाय ५ वर बांधलेलं पाय ४ वर नेलं की हे होऊ शकतं. टार्गेट (कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं ते) ‘आर्मव्ही८’ देऊन बांधा, दोन्हीकडे चालेल.

पावसाळ्यातला बिघाड वेगळाच. पाय ४ मध्ये घड्याळाचा सेल नसतो. वीज गेली की तो मधूनमधून फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या वेळेवर परत उठतो, आणि रेंज नसेल तर तिथूनच पुढे मोजायला लागतो. समजा ५:१० ला फाइल कंपाइल झाली, ५:१५ ला वीज गेली. दोन दिवसांनी वीज आली, बोर्ड उठला तेव्हा त्याच्या लेखी ५ वाजले होते. तुम्ही कोड दुरुस्त केलात, त्यावर शिक्का बसला ५:०५. मेक बघतो, कंपाइल झालेली फाइल कोडपेक्षा नवी आहे, आणि तिला हातच लावत नाही. तुम्ही मात्र तीच दुरुस्ती दहा वेळा करून बघता. ‘क्लॉक स्क्यू’ (घड्याळ मागेपुढे आहे) असा इशारा कधी येतो, कधी येतही नाही. तारीख लावा, ‘मेक क्लीन’ करून जुन्या कंपाइल झालेल्या फायली पुसा, पहिल्यापासून बांधा. दर पावसाळ्यात हेच होत असेल तर डीएस३२३१ या चिपचं, सेलवर चालणारं घड्याळ बसवून घ्या.

आता आकडे. लॅपटॉप आणि बोर्डाची उत्तरं पंधराव्या-सोळाव्या अंकात वेगळी आली तर तो बिघाड नाही. आर्मवर गुणाकार-बेरीज एका दमात होते आणि पूर्णांकन एकदाच होतं. लॅपटॉपच्या सर्वसाधारण बिल्डमध्ये ते दोनदा होतं. भरतीच्या उंचीत हा फरक मिलिमीटरलाही लागत नाही. पण भांगाच्या दिवशी उधाणाएवढं पाणी दिसलं तर थांबा.

एका ग्राहकाकडे पाण्याची पातळी अधूनमधून १५७ सेंटिमीटरवर उडी मारत असे, नेमकी १५७. आम्ही आधी सेन्सर बदलला, उगाचच. त्यांच्या जुन्या सी प्रोग्रॅममध्ये ‘माप मिळालं नाही’ याची खूण उणे ९९ होती आणि ती ‘कॅर’ प्रकारात, म्हणजे फक्त २५६ किमती मावणाऱ्या एका बाइटमध्ये ठेवलेली. लॅपटॉपवर कॅरला उणे चिन्ह चालतं, आर्म आणि रिस्क-फाइव्हच्या लिनक्सवर चालत नाही. तिथे उणे ९९ चे २५६ उणे ९९, म्हणजे १५७ होतात. ‘साइन्ड कॅर’चा पर्याय देऊन पुन्हा कंपाइल केलं आणि उड्या थांबल्या.

फोन करण्याआधी ‘गेटकॉन्फ लाँगबिट’ चालवून ३२ येतं की ६४ (सॉफ्टवेअर किती बिटचं आहे) ते लिहून ठेवा. ‘यूनेम’वर विसंबू नका, तो फक्त कर्नलचं (लिनक्सच्या गाभ्याचं) सांगतो, कर्नल ६४चा आणि बाकी सगळं ३२चं असू शकतं. लॉगची फाइल पाठवा. कार्ड फॉरमॅट करू नका, पुरावा जातो. आणि गणपतीत आमचं दुकान बंद असतं, तेव्हा चतुर्थीच्या आदल्या दिवशी अपडेट काढून बसू नका.