धावत्या होडीत तळ गायब? दोष वॅटचा नाही

नेहमी फिरणारा समज: ‘होडी पळताना फिशफाइंडरवरचा (ध्वनीने खोली आणि मासे दाखवणाऱ्या यंत्रावरचा) समुद्रतळ दिसेनासा होतो, म्हणजे वॅट (ध्वनीची ताकद) कमी, मोठा ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहर सोडणारा आणि टिपणारा भाग) घ्या.’

वर्सोवा-माहीमच्या किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वॅट सहसा कमी पडत नाहीत. आड येतात ते ट्रान्सड्यूसरखालचे हवेचे बुडबुडे. ध्वनिलहर त्यांच्यावर आपटून विखुरते.

पडताळायला सेटिंग न बदलता होडी थांबवा. तळ लगेच ठळक उमटला, तर चूक बसवण्यात आहे. होडीच्या मागच्या फळीवरचा ट्रान्सड्यूसर फायबरच्या होडीत बुडापेक्षा साधारण 3 मिलिमीटर खाली हवा, अ‍ॅल्युमिनियमला 10. पंख्यापासून दूर ठेवा. ट्रान्सड्यूसरच्या पुढच्या रेषेत बुडावर रिवेट किंवा कड नको, बुडबुडे तिथूनच सुटतात. फार खाली उतरवलात तर फवारा उडतो.

लाकडी होडीत मात्र ट्रान्सड्यूसर बुडाला आतून चिकटवू नका, लाकडातली हवा लहर शोषते.