आराखडा वेगळा, मूल्यं वेगळी

'विद्यार्थ्यांमधील प्रामाणिकपणा हे मूल्य ४० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत वाढविणे. कालावधी : जून ते मार्च. जबाबदारी : सर्व शिक्षक. अपेक्षित खर्च : निरंक.'

ही ओळ मी रचलेली नाही. केंद्रप्रमुख असताना केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, जिल्हा परिषद शाळांचे विकास आराखडे माझ्या टेबलावर यायचे, त्यांतली आहे. थोड्याफार फरकाने ती दरवर्षी यायची. टक्के बदलायचे, 'निरंक' म्हणजे शून्य खर्च कायम. हा ४० टक्के प्रामाणिकपणा कुणी आणि कशाने मोजला, असं विचारलं की मुख्याध्यापक हसून म्हणायचे, "मॅडम, रकाना कोरा सोडला तर आराखडा परत येतो ना." त्याच शाळेच्या व्हरांड्यात 'आमची मूल्ये' असा मथळा, आणि खाली ऑइलपेंटने रंगवलेलं : डिजिटल वर्ग, शुद्ध पाणी, १०० टक्के पटनोंदणी. थोडक्यात, मूल्यं आराखड्यात आणि आराखडा भिंतीवर. निवृत्त होऊनही हा घोळ पाठ सोडत नाही. मार्च जवळ आला की कुणीतरी 'मॅडम, एकदा नजर टाका' म्हणून पीडीएफ पाठवतं आणि त्यात तेच.

आराखडा काय असतो हे शिक्षकांना सांगायची गरज नाही, त्यामुळे भरभर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे त्या समितीने शाळा विकास आराखडा करायचा. तो तीन वर्षांचा, आणि पोटात वर्षाला एक अशा तीन उपयोजना. इयत्तावार पट किती राहील, शिक्षक किती लागतील, खोल्या, स्वच्छतागृहं, कुंपण काय हवं, पैसा किती. शासनाची पुढची योजना आणि अनुदान याच्या आधारावर ठरावं ही कायद्याची अपेक्षा. प्रत्यक्षात युडायसचे, म्हणजे शाळेच्या सरकारी माहितीपत्रकातले, आकडे उतरवले जातात, रजिस्टर सह्यांसाठी घरोघरी फिरतं आणि फाइल केंद्रावर येते. असो.

किरकोळ गल्लती एका दमात सांगते. गाभाघटक आणि मूल्यं एक नव्हेत. गाभाघटक म्हणजे सगळ्या विषयांतून मुलांपर्यंत पोहोचवायचे मुद्दे, १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातले, तेही दहा. आपल्याकडच्या मूल्यशिक्षणाची यादीही वक्तशीरपणा, नीटनेटकेपणापासून राष्ट्रभक्तीपर्यंत दहाचीच, म्हणून डी.एड. पासून आजतागायत गोंधळ. लहान कुटुंबाचा आदर्श ज्या यादीत आहे ती गाभाघटकांची, एवढं ध्यानात ठेवलं तरी भागतं. 'व्हिजन' आणि 'मिशन' यांत फरक काय, यावर एका प्रशिक्षणात अर्धा दिवस गेलेला मी पाहिला आहे. दोन्ही मिळून एक वाक्य लिहा. दुसरं कुणी वाचत नाही.

पाय अडकतो तो वेगळ्याच ठिकाणी. चांगली जाणती माणसंसुद्धा सांगतात की मोजता येतं ते आराखड्याचं आणि मोजता येत नाही ते मूल्याचं. ऐकायला बरं वाटतं, पण साफ चूक आहे. वक्तशीरपणा हे मूल्य आहे आणि तो हजेरीपटावर मोजता येतो. उलट 'लोकसहभाग वाढविणे' हे कलम एकूण एक आराखड्यात सापडेल, त्याचं माप आजवर कुणी काढलेलं नाही. मोजमापावरून दोघांत भेद होतच नाही.

भेद असा आहे. काय मिळवायचं ते आराखडा सांगतो. दोन चांगल्या गोष्टी एकाच वेळी मिळत नसतील, तर कोणती सोडायची ते मूल्य सांगतं. आपल्या भाषेत मूल्य म्हणजे किंमतही. 'विनामूल्य' ही पाटी आपण रोज वाचतो, पण शाळेच्या कागदावर आला की या शब्दाचा तो अर्थ कुठे जातो कुणास ठाऊक. त्या पहिल्या ओळीत ८० टक्के हा विनोद झाला; खरी चूक 'निरंक' या शब्दात आहे. शाळेला ज्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही, ते शाळेचं मूल्य नव्हे. किंमत रुपयांतच असते असं नाही. ती तासिकेत असते, निकालात असते, तालुक्याच्या बैठकीत मिळणाऱ्या शाबासकीत असते.

मी एक साधी युक्ती वापरायचे. मूल्य म्हणून लिहिलेलं वाक्य उलटं करून बघायचं. 'गुणवत्तापूर्ण शिक्षण देणे' हे उलटं केलं की होतं 'गुणवत्ताशून्य शिक्षण देणे'. अशी शाळा जगात नाही, म्हणजे मूळ वाक्याने काहीच सांगितलं नव्हतं. (हा 'गुणवत्तापूर्ण' शब्द माझ्या हातात असता तर पाच वर्षं बंद ठेवला असता. आणि 'राबविणे'सुद्धा.) आता हे घ्या : 'मागे राहिलेल्या मुलापाशी आधी थांबायचं.' उलटं केलं तर 'पुढे असलेल्या मुलाला आधी पुढे न्यायचं.' अशा शाळा आहेत, प्रामाणिक आहेत, नवोदयला मुलं पाठवतात, गावाला त्यांचा अभिमान असतो. मला तो मार्ग पटत नाही, पण तो मार्ग आहे. जिथे दोन्ही बाजूंना शहाणी माणसं उभी राहू शकतात, तिथेच मूल्य निवडावं लागतं.

तारखेचंही तसंच. केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेने २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला वाचता यावं, साधं गणित यावं, अशी मुदत घातली. आराखड्याचं वाक्य असंच असावं. कोण, काय, कधीपर्यंत, सगळं त्यात आहे. मुदत उलटली की हिशेब होतो आणि नवं वाक्य लिहिलं जातं. मूल्याला असा मार्च नसतो. ते 'पूर्ण झाले' या रकान्यात कधीच जात नाही. अनुदान आलं नाही म्हणून ते पुढच्या वर्षावर ढकलताही येत नाही.

एक शाळा सांगते, नाव नको. पहिली ते पाचवी, पट ५८, म्हणून दोन शिक्षक. थोरले सर प्रभारी मुख्याध्यापक. आराखड्यात ठळक कलम : शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची संख्या वाढविणे. दर्शनी भिंतीवर हातभर अक्षरांत : 'एकही मूल मागे राहणार नाही'. दोन्ही गोष्टी चांगल्याच, भांडण दिसतच नव्हतं. मी फेब्रुवारीत भेटीला गेले तेव्हा अकरा वाजले होते. थोरले सर एका खोलीत शिष्यवृत्तीची सहा मुलं घेऊन बसलेले, रोज अकरा ते एक. दुसऱ्या खोलीत उरलेली ५२ मुलं आणि एकट्या बाई.

मागच्या ओळीत तिसरीतली एक मुलगी होती. आईबाप साखर कारखान्यावर ऊसतोडीला, दिवाळीनंतर तीही त्यांच्याबरोबर गेलेली, आजी आजारी पडली म्हणून मध्येच परत आलेली. पुस्तक उघडून कविता म्हणत होती, चांगली घडाघडा. मी शेजारी जाऊन बसले. बोट एका ओळीवर, तोंड दुसऱ्या ओळीवर. पान उलटायला विसरली तरी कविता चालूच. बाईंना हे माहीत होतं. त्या म्हणाल्या, "मॅडम, अकरा ते एक मी चार वर्ग सांभाळू की हिला अक्षरं दाखवू?" थोरल्या सरांनी आराखड्याची फाइल आणून कलमावर बोट ठेवलं. त्यांचंही चूक नव्हतं. कलम होतं, समितीची सही होती.

समितीच्या पुढच्या सभेत मी मुद्दाम हजर राहिले. सर्वांसमोर एवढंच विचारलं की ते दोन तास कुणाचे? भिंतीवरचं वाक्य खरं की फाइलमधलं? बराच वेळ कुणी बोललं नाही. शिष्यवृत्तीला बसलेल्या एका मुलाचा बाप म्हणाला, आमच्या पोरांनी काय पाप केलंय? प्रश्न योग्यच होता आणि तो सभेत आला हे उत्तम झालं, कारण किंमत ज्याला मोजायची त्याच्या तोंडूनच ती पुढे आली. तासभर वाद झाला. कोपऱ्यात बसलेल्या एक सदस्य बाई शेवटी म्हणाल्या, "सर सकाळी नवाला येत असतील तर माझं पोरगं मी नवाला पाठवते. पण अकराला सगळ्यांची शाळा." ठरलं ते असं. शिष्यवृत्ती सकाळी नऊला, अकरा ते बारा दोन्ही खोल्यांत फक्त वाचन, आणि ज्याला येत नाही तो शिक्षकाच्या सर्वांत जवळ बसणार.

आराखड्यातलं शिष्यवृत्तीचं कलम काढलं नाही. काढायचं कारणच नव्हतं; ती इच्छा चांगली होती. बदललं ते एवढंच की दोन इच्छांची टक्कर झाली की आधी कुणाकडे बघायचं, हे त्या १२-१५ माणसांनी एकमेकांसमोर ठरवलं. शाळेची 'सामायिक मूल्यं' म्हणतात, त्यातला 'सामायिक' हा शब्द मी याच अर्थाने घेते. भिंतीवर सगळ्यांना दिसतं म्हणून मूल्य सामायिक होत नाही. थोरले सर रजेवर असताना बदली आलेला शिक्षकही अकरा वाजता मागच्या ओळीतलं पोर पुढे बोलावतो, खिचडी वाढणाऱ्या ताई दुसऱ्यांदा मागणाऱ्याला हसत नाहीत, तेव्हा झालं सामायिक.

यातच आणखी एक गफलत दडलेली असते, ती मला जास्त डाचते. शाळेची मूल्यं विचारली की शिक्षक मुलांना लावायच्या सवयींची यादी देतात, आणि वर 'संस्कार' म्हणतात. मुलांसाठी मूल्यशिक्षण हवंच. २००९ साली बीड जिल्ह्यातल्या ५०० जिल्हा परिषद शाळांत 'मूल्यवर्धन' सुरू झालं, त्यात मुलांनी जोडीने, गटाने बोलत-खेळत लोकशाहीची मूल्यं अनुभवायची होती. भाषणापेक्षा ते कितीतरी बरं. पण तो अभ्यासक्रमाचा भाग झाला. शाळेची सामायिक मूल्यं मोठ्यांनी स्वतःवर घालून घ्यायची असतात. वक्तशीरपणाचा परिपाठ ऐकवणारे गुरुजी साडेअकराच्या एसटीने येत असतील, तर त्या शाळेचं मूल्य एसटीचं वेळापत्रक आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर घोळ मोठा होतो. शाळेचा आराखडा केंद्रात, केंद्रातून गटात म्हणजे तालुक्यात, गटातून जिल्ह्यात जातो, आणि शेवटी समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रकात त्याची बेरीज होते. वर्गखोल्यांची बेरीज करता येते, शिक्षकांची करता येते, म्हणून हा रस्ता आराखड्यासाठी बरोबर आहे. मग कुणाला तरी वाटतं की मूल्यंही अशीच वरून खाली पाठवावीत. परिपत्रक निघतं, पाच शब्द ठरतात, फ्लेक्सची मापं ठरतात, छायाचित्र अपलोड करायची लिंक येते. मला विचाराल तर जिल्ह्याने मूल्यं लिहून देऊच नयेत. जिल्ह्याने एक प्रश्न द्यावा : गेल्या वर्षी तुमच्या शाळेने कोणती चांगली गोष्ट मुद्दाम सोडली आणि कशासाठी? या उत्तराचा एक्सेल करता येणार नाही, हे मला कबूल आहे.

आणि मूल्यं जास्तीत जास्त तीन. प्रत्येकात क्रियापद हवं, कारण 'सौजन्यशीलता' म्हटल्यावर सकाळी उठून काय करायचं ते कळत नाही. वाक्य सभेत ज्या बोलीत निघालं त्याच बोलीत लिहावं, प्रमाण मराठीची इस्त्री नको.

वर सांगितलेल्या शाळेतून त्या वर्षी शिष्यवृत्तीत एकच मुलगा आला, आदल्या वर्षी तीन होते. तालुक्याच्या बैठकीत थोरल्या सरांना उभं करून विचारलं गेलं. त्यांनी अकरा ते बाराचं सांगितलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. परतताना माझ्या गाडीत बसून ते घाटापर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सकाळी नवाला अजून चार पोरं वाढलीत, मॅडम." सभेत ठरलेलं वाक्य त्यांनी भिंतीवर अजूनही रंगवलेलं नाही. पट ३० च्या वर आणि १०० च्या आत, म्हणून संयुक्त शाळा अनुदान २५ हजार, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेला, उरलेल्यात लाइटबिल आणि खडू. ते वाक्य सभेच्या रजिस्टरात आहे, त्या सदस्य बाईंनी म्हटलं तसंच : अकराला सगळ्यांची शाळा. खाली सह्या आहेत, दोन अंगठे आहेत. खर्चाचा रकाना त्या रजिस्टरात नसतोच.