क्लच घसरतोय? केबल आवळणं हा इलाज नव्हे
जुनी मारुती ८०० चढावर नुसती ओरडते, वेग काही घेत नाही. की सल्ला तयार: ‘केबल आवळून घ्या.’ हे उलटंच झालं! क्लच प्लेट झिजते तशी पॅडलची रिकामी चाल (क्लच सुटायला लागण्याआधी पॅडल मोकळं दाबलं जातं ते अंतर) आपोआप कमी होते. वरून केबल आवळली की पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या भागाच्या, बोटांवर कायम टेकून राहतं आणि क्लच जास्तच घसरतो. आवळायची ती गिअर खरखरत पडतात तेव्हा. आधी केबल सैल करून चाल परत आणा; तरीही घसरला तर बहुधा प्लेट संपली. गिअरबॉक्स उतरवलाच, तर प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बदला, पुन्हा उतरवायची मजुरी वाचते. फ्लायव्हीलवर (इंजिनचं जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) उष्णतेचे निळे डाग आहेत का, तेही बघून घ्या.