गणितातली हुशारी: गुणांवरून कुवत मोजायची सवय आली कुठून?

"तिचं डोकंच गणिताचं आहे, माझं नाही." शाळेच्या बाकापासून विद्यापीठाच्या वसतिगृहापर्यंत हे वाक्य कुणी ना कुणी रोज म्हणत असतं. म्हणणारा शेजारणीचे गुण पाहतो, तिच्या उपजत कुवतीबद्दल निकाल देतो आणि त्याच दमात स्वतःलाही नापास करून टाकतो. गुणांवरून निसर्गाची देणगी मोजायची ही रीत आपोआप आलेली नाही. तिचा माग काढत गेलं की एका विशिष्ट परीक्षेपाशी येऊन थांबावं लागतं. ती म्हणजे केंब्रिज विद्यापीठाची गणिताची ट्रायपॉस.

या परीक्षेत वरच्या वर्गात आलेल्यांना रँग्लर म्हणत आणि त्यांतल्या पहिल्याला सीनियर रँग्लर. मराठी वाचकाला हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे ओळखीचा आहे. १८९९ साली ते विभागून पहिले आले होते. यादी काटेकोरपणे गुणानुक्रमे लागायची आणि वर्तमानपत्रांतही छापून यायची. शेवटच्या आलेल्याची तर पदवीदानाच्या वेळी सगळ्यांसमोर थट्टा होई: त्याच्या वाट्याला एक भलामोठा लाकडी चमचा यायचा. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येकाला आपली जागा कळलेली असे. फक्त पुरुषांना, हेही सांगायला हवं. १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांना सीनियर रँग्लरपेक्षा जास्त गुण पडले, तेव्हा त्यांचं स्थान 'सीनियर रँग्लरच्या वर' असं वाचून दाखवलं गेलं. पण यादीत नाव नाही आणि पदवीही नाही.

यादीत जे दिसत नसे ते माझ्या मते जास्त महत्त्वाचं आहे. विद्यापीठातल्या व्याख्यानांच्या जोरावर फारसं कुणी वर येत नसे. विद्यार्थी स्वतंत्र फी भरून खासगी शिक्षकांकडे जात. विल्यम हॉपकिन्स हे त्यांतलं मोठं नाव: १८४९ पर्यंत त्यांच्या हाताखालून सुमारे २०० रँग्लर बाहेर पडले होते, त्यांतले १७ सीनियर रँग्लर. पुढची पिढी एडवर्ड राउथ यांची. १८५४ साली ते स्वतः पहिले आले होते आणि दुसरे होते पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ झालेले जेम्स क्लार्क मॅक्सवेल. शिक्षक म्हणून राउथ यांनी पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर घडवले. लहान लहान गटांत शिकवणी, उतरवून घ्यायला तयार हस्तलिखित टिपणं आणि दर आठवड्याला घड्याळ लावून सोडवायची प्रश्नपत्रिका, असा क्रम वर्षानुवर्षं चाले. एकाच माणसाकडे शिकणारं कुणीतरी जवळपास दरवर्षी पहिलं येत असेल, तर त्या पहिल्या क्रमांकात शिकवणीचा आणि सरावाचा वाटा किती, हा प्रश्न त्याच वेळी विचारला जायला हवा होता.

तो तसा विचारला गेला नाही. १८६९ मध्ये इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी आनुवंशिक प्रतिभेवरचा ग्रंथ लिहिला आणि माणसामाणसांत किती नैसर्गिक अंतर असतं हे दाखवायला याच परीक्षेचे गुण वापरले. आठ दिवस, रोज साडेपाच तास, एकूण १७,००० गुण. यादीतल्या शेवटच्या माणसाला ३०० हूनही कमी, शेवटच्या रँग्लरला सुमारे १५०० आणि एका वर्षीच्या सीनियर रँग्लरला ७५०० च्या वर. म्हणजे पहिला शेवटच्यापेक्षा कित्येक पटींनी श्रेष्ठ, असा हिशेब त्यांनी मांडला. त्या गुणांत किती वर्षांची शिकवणी मुरलेली होती, याची वजावट त्या हिशेबात नव्हती.

गाल्टन हे तटस्थपणे लिहीत नव्हते, असं मला वाटतं. ते स्वतः केंब्रिजमध्ये गणित शिकले होते, तेही हॉपकिन्स यांच्याच हाताखाली. तिसऱ्या वर्षी त्यांची तब्येत पार ढासळली, ऑनर्सचा नाद सोडावा लागला आणि शेवटी साधी पदवी घेऊन ते बाहेर पडले. त्यांच्या ग्रंथात एक उतारा आहे: उत्साही मुलगा शाळेत येतो, आपली प्रगती पाहून हरखतो, आपणही इतिहास घडवू असं त्याला वाटतं, मग परीक्षांमागून परीक्षा येतात, बरोबरीच्यांशी पुन्हा पुन्हा गाठ पडते आणि आपली झेप कुठवर आहे ते त्याला कायमचं कळून चुकतं. ज्याला हुशार वर्गमित्रांच्या शेजारी बसून घाम फुटला आहे, त्याला हा उतारा आजही ओळखीचा वाटेल. त्यातलं दुःख खरं आहे. 'कायमचं' हा शब्द मात्र पुराव्याशिवाय आलेला आहे.

ग्रंथाची सुरुवातीची काही पानं वाचून गाल्टन यांचे सावत्र नात्याने मामेभाऊ चार्ल्स डार्विन यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पत्र पाठवलं. मूर्ख सोडले तर माणसांच्या बुद्धीत फारसा फरक नसतो, फरक असतो तो ध्यासाचा आणि कष्टांचा, असं आपण आजवर मानत आलो. तुम्ही एका विरोधकाचं मत एका अर्थी वळवलं आहे, असं त्यांनी लिहिलं. पण ध्यास-कष्टांचा फरक अजूनही अतिशय महत्त्वाचा वाटतो, हेही जोडलं. पुढची दीडशे वर्षं चाललेला वाद या एका पत्रात आहे.

या वादातला मला सगळ्यात आवडणारा प्रयोग फ्रान्समधला आहे. १८९४ मध्ये मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेद बिने यांनी दोन गणनपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक झाक इनोदी, लहानपणी मेंढ्या राखता राखता आकडेमोड करणारा. दुसरा पेरिक्लेस डायमंडी, ग्रीक व्यापारी. दोघंही तोंडी हिशेबाचे जाहीर कार्यक्रम करून नावारूपाला आलेले. बिने यांनी त्यांच्यासमोर पॅरिसच्या बाँ मार्शे या मोठ्या दुकानातले रोखपाल बसवले. या रोखपालांना कुणी कधी असामान्य म्हटलं नव्हतं. त्यांच्यापाशी होता तो गल्ल्यावर रोज हिशेब करण्याचा अनेक वर्षांचा अनुभव. तीन आणि चार आकडी गुणाकारांत उत्तम रोखपाल दोन्ही नामांकित गणनपटूंपेक्षा झटपट निघाला. गणनपटूंची खरी सरशी दिसली ती मोठमोठ्या संख्या डोक्यात धरून ठेवताना. म्हणजे सरावाने माणूस कुठवर जातो आणि वेगळेपण कुठे सुरू होतं, याची सीमारेषा एका प्रयोगात पुसटशी का होईना, दिसली होती.

याच बिने यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना मदत मिळावी म्हणून. बुद्धी ही ठरीव, वाढवता न येणारी गोष्ट आहे या मताला त्यांनी १९०९ मध्ये कडाडून विरोध केला. अमेरिकेत पोहोचल्यावर चाचणीचा रोख बदलला. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ पासून १५०० हून अधिक उच्च बुद्ध्यंकाची मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेतला. निवडीच्या वेळी विल्यम शॉकली आणि लुईस आल्व्हारेझ ही दोन मुलं गाळली गेली, गुण पुरेसे नव्हते म्हणून. पुढे दोघांनाही भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं; निवडलेल्यांपैकी एकालाही नाही.

उपजत प्रतिभेचा दाखला म्हणून श्रीनिवास रामानुजन यांचं नाव हटकून निघतं, आणि ते निघायलाच हवं. पण त्यांच्या हाती विद्यार्थिदशेत पडलेलं पुस्तक कुठलं होतं? जॉर्ज कार यांनी संकलित केलेला हजारो सूत्रांचा आणि प्रमेयांचा संग्रह. कार हे ट्रायपॉसची तयारी करून घेणारे शिक्षक होते. शिकवणीच्या टिपणांतूनच तो संग्रह उभा राहिला होता. त्यात सिद्धता जेमतेम. रामानुजन यांनी त्या स्वतः शोधल्या, पाटीवर गणितं मांडून कोपराने पुसली आणि निष्कर्ष तेवढे वह्यांत उतरवले. १९१३ मध्ये केंब्रिजमधले गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिण्याआधी हे काम वर्षानुवर्षं चाललं होतं. प्रतिभा अफाट होती यात वाद नाही. तिच्यामागे किती तास गेले हे मात्र आपण सांगायचं विसरतो.

जी. एच. हार्डी स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. ट्रायपॉसच्या क्रमवारीवर त्यांचा राग होता. ती बंद व्हावी म्हणून झटणाऱ्यांत ते पुढे होते आणि १९०९ नंतर क्रमवार यादी जाहीर होणं थांबलं. तरी गणितज्ञ पॉल एर्डिश सांगत की, हार्डींनी एकदा निव्वळ प्रतिभेचे शंभरपैकी गुण दिले होते: स्वतःला २५, सहकारी लिटलवूडना ३०, जर्मन गणितज्ञ हिल्बर्टना ८० आणि रामानुजनना १००. क्रमवारीविरुद्ध लढलेल्या माणसालाही ती सवय सुटली नव्हती.

विसाव्या शतकाच्या अखेरीस पारडं सरावाच्या बाजूला झुकलं. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिनवादकांच्या सरावाचा अभ्यास केला आणि त्यातून पुढे 'दहा हजार तास' हा आकडा घरोघरी पोहोचला. मूळ अभ्यासात तो उत्तम वादकांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती, हमी नव्हे. २०१४ मध्ये मॅक्नमारा, हॅम्ब्रिक आणि ऑस्वाल्ड यांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले: हेतुपूर्वक केलेल्या सरावाने बुद्धिबळासारख्या खेळांतल्या कामगिरीतला २६ टक्के, संगीतातला २१ टक्के आणि शिक्षणातला जेमतेम ४ टक्के फरक उलगडत होता. सरावाची व्याख्याच सैल धरली, असा आक्षेप एरिक्सन यांनी घेतला, आणि तो गणितासाठी मला रास्त वाटतो. येत असलेली चाळीस गणितं पुन्हा सोडवण्यात गेलेला तास आणि न सुटणाऱ्या एका गणिताशी झुंजण्यात गेलेला तास, दोन्ही नोंदीत एकच तास धरले जातात.

आणि हो, उपजत फरक असतात. गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी वयाच्या आठव्या वर्षी अमेरिकी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेत गणितात ८०० पैकी ७६० गुण मिळवले, शालेय विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड स्पर्धेत दहाव्या वर्षी कांस्यपदक. याला नुसता सराव म्हणणं खोटेपणाचं होईल. गणितात काम करायला प्रतिभावंत असावंच लागतं असं नाही, हे आवर्जून लिहिणारेही टाओच.

मग आपण स्वतःला टाओंशी न ताडता वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीशी का ताडतो? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ मध्ये याची मांडणी केली: वस्तुनिष्ठ मोजमाप हाताशी नसलं की माणूस स्वतःला इतरांशी ताडून पाहतो, तेही बऱ्यापैकी आपल्यासारख्यांशी, अंतर फार वाढलं की तुलना सुटते. १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिस यांना दिसलं की विद्यार्थी आपली पुढची वाट ठरवताना महाविद्यालय किती दर्जेदार आहे यापेक्षा तिथे आपला नंबर कितवा लागतो याला जास्त वजन देतात. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकात हा परिणाम शाळांमध्ये मोजला. २००३ मध्ये त्यांनी आणि किट-टाय हाऊ यांनी २६ देशांतल्या एक लाखाहून अधिक पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली: सारखीच कुवत असलेल्या दोघांपैकी जो निवडक हुशारांच्या शाळेत होता, त्याचं स्वतःबद्दलचं मत सरासरीने खालचं होतं.

हा भास मोठ्यांनाही चुकला नाही. फ्रेंच गणितज्ञ लोराँ श्वार्त्झ शाळेत बक्षिसं मिळवत होते आणि तरी स्वतःला मंद समजत होते, कारण त्यांना समजायला वेळ लागे. वेगाचा आणि बुद्धीचा तसा संबंध नाही, या निष्कर्षाला ते शालेय वयातच आले. १९५० मध्ये त्यांना फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळालं. पुढे हेच पदक मिळवणाऱ्या इराणी गणितज्ञ मरियम मिर्झाखानी यांचं तेहरानमधल्या शाळेतलं पहिलं वर्ष गणितात वाईट गेलं. शिक्षिकेला त्यांच्यात काही विशेष दिसलं नाही आणि त्यांचा रस उडाला. त्या वयात दुसऱ्यांना आपल्यात काय दिसतं याला फार महत्त्व असतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या वर्षी उत्तेजन देणाऱ्या शिक्षिका मिळाल्या. १९९४ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये मिर्झाखानींना ४२ पैकी ४१ गुण मिळाले, १९९५ मध्ये ४२ पैकी ४२.